मूर्तिपूजा आणि एकनिष्ठा : तंजावर–कुंभकोणम परिसरातील ख्रिस्ती विचार

तंजावरचे मराठा राजे सरफोजी (दुसरे) आणि तमिळ कवी वेदनायगम शास्त्री हे दोघेही एकाच गुरूच्या हाताखाली वाढले. गुरू म्हणजे जर्मन मिशनरी ख्रिस्तिआन फ्रेडरिक श्वार्ट्झ. सरफोजी १७७७ चे, शास्त्री १७७४ चे. एक भोसले कुळात दत्तक आलेला राजपुत्र. दुसरा तिरुनेलवेलीकडचा ख्रिस्ती मुलगा, ज्याला श्वार्ट्झ यांनी बाराव्या वर्षाच्या सुमारास शिक्षणासाठी तंजावरला आणले. १७९८ मध्ये श्वार्ट्झ वारले आणि त्याच वर्षी सरफोजी गादीवर बसले. राजे शेवटपर्यंत हिंदू राहिले, शास्त्री शेवटपर्यंत ख्रिस्ती राहिले, आणि दरबारात शास्त्रींना कवी म्हणून मान होता.

शास्त्रींच्या चरित्रपरंपरेत एक प्रसंग सांगितला जातो. शास्त्रींनी 'बेथलेहेम कुरवंजी' रचले होते. 'कुरवंजी' हा तमिळमधला नृत्यनाट्याचा प्रकार आहे. देवावर किंवा राजावर प्रेम जडलेली नायिका, तिचे भविष्य सांगणारी डोंगरी कुरत्ती आणि कुरत्तीचा पारधी नवरा ही त्यातली ठरलेली पात्रे. शास्त्रींनी हाच साचा घेऊन नायिकेला येशूच्या प्रेमात पडलेली देवमोहिनी केले. राजांना काव्य आवडले आणि तसेच एक काव्य तंजावरच्या बृहदीश्वरावर रचावे, असे त्यांनी सुचवले. शास्त्रींनी नम्रपणे नकार दिला. ज्या वाणीने एका देवाची स्तुती केली ती दुसऱ्यासाठी वापरता येणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

ख्रिस्ती धर्मातील मूर्तिपूजा-निषेध समजून घ्यायला हा प्रसंग फार सोयीचा आहे. येथे कोणी मूर्ती फोडलेली नाही. राजाचा किंवा त्याच्या देवाचा अपमान केलेला नाही. मंदिराचे काव्यरूपही त्याज्य मानलेले नाही, उलट तेच उचलून वापरले आहे. नाकारली आहे ती फक्त एक गोष्ट : स्तुती. मग रेषा नेमकी कुठे आहे? साचा चालतो, स्तुती चालत नाही, हे कशावरून ठरते? या टिपणात आपण तेच पाहणार आहोत. उदाहरणे मुख्यतः कावेरीकाठची, म्हणजे तंजावर, कुंभकोणम आणि तरंगंबाडी या पट्ट्यातली आहेत. १६७५ च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तंजावर घेतल्यापासून १७९९ मध्ये इंग्रजांनी राज्याचा कारभार हाती घेईपर्यंत कुंभकोणम मराठ्यांच्या राज्यात होते. त्यामुळे हा इतिहास मराठी वाचकाला परका नाही.

आज्ञा काय सांगते

बायबलमधील दहा आज्ञा निर्गम २० आणि अनुवाद ५ या अध्यायांत येतात. सुरुवातीलाच दोन गोष्टी आहेत. पहिली, माझ्याशिवाय दुसरे देव मानू नकोस. दुसरी, कोरीव मूर्ती करून तिच्या पाया पडू नकोस. या दोन आज्ञा की एकच आज्ञा, यावर ख्रिस्ती पंथांत एकमत नाही. रोमन कॅथलिक आणि लुथरन दोन्ही मिळून एक धरतात, तर अँग्लिकन व इतर बहुतेक प्रॉटेस्टंट वेगवेगळ्या मोजतात. हा केवळ आकड्यांचा घोळ वाटतो, पण त्यामागे खरा प्रश्न आहे. मूर्तिपूजा म्हणजे चुकीच्या देवाची पूजा, की खऱ्या देवाची चुकीच्या रीतीने पूजा?

परीक्षेत विद्यार्थी बहुधा पहिलाच अर्थ लिहितात. निर्गम ३२ मधली सोन्याच्या वासराची कथा नीट वाचली तर दुसरा अर्थही तिथेच सापडतो. मोशे डोंगरावर गेला आहे, लोक अधीर झाले आहेत, आणि अहरोन सोन्याचे वासरू घडवतो. मग तो घोषणा करतो की उद्या परमेश्वरासाठी सण आहे. नाव त्याच देवाचे आहे, ज्याने त्यांना मिसरमधून सोडवले. म्हणजे निदान अहरोनाच्या मनात देव बदललेला नाही, तरीही कथेत तो घोर अपराध ठरतो.

असे का? अनुवाद ४ मध्ये कारण दिले आहे : होरेब डोंगरावर तुम्हांला फक्त वाणी ऐकू आली, रूप दिसले नाही. ज्याने स्वतःचे रूप दाखवले नाही त्याला आपण रूप द्यायचे म्हणजे त्याला आपल्या मापात बसवायचे. याच्या जोडीला उत्पत्ती १ मधले विधान ठेवायला हवे. तिथे देवाची प्रतिमा म्हटले आहे ते माणसाला. प्रतिमा आधीच आहे आणि ती चालती-बोलती आहे, मग दुसरी कशाला, असा हा युक्तिवाद आहे.

पण आज्ञेचा गाभा दगडाविषयीच्या तत्त्वज्ञानात नाही, तो नात्यात आहे. देव आणि इस्राएल यांच्यात करार झाला आहे. होशेय संदेष्टा या कराराला लग्न म्हणतो आणि मूर्तिपूजेला व्यभिचार. त्याचे स्वतःचे मोडलेले लग्नच त्याच्या संदेशाचे चित्र होते. मराठी वाचकाला 'अव्यभिचारी भक्ती' हा गीतेतला शब्दप्रयोग माहीत असतो. शब्द जवळचा आहे, पण एक फरक लक्षात ठेवावा. गीतेत तो भक्ताच्या ज्ञानसाधनेचे लक्षण म्हणून येतो. होशेयाकडे दुखावला जाणारा देव आहे. नाते मोडले तर देवालाही लागते, हे त्या पुस्तकाचे वेगळेपण.

स्वामीमलैचा कारागीर आणि यशयाची थट्टा

कुंभकोणमच्या पश्चिमेला सात-आठ किलोमीटरवर स्वामीमलै आहे. तिथले स्थपती आजही मेणाचा साचा करून पंचधातूच्या मूर्ती ओततात. आधी मेणाची मूर्ती, तिच्यावर कावेरीच्या गाळाच्या मातीचे थर, मग भट्टी. मेण वितळून बाहेर येते आणि त्या पोकळीत धातू ओततात. डोळे सर्वांत शेवटी कोरतात.

यशयाच्या ४४ व्या अध्यायात अशाच कारागिराची बोचरी थट्टा आहे. एका लाकडाचे दोन भाग करून एकावर तो भाकरी भाजतो, उरलेल्या भागाचा देव करतो आणि त्याच्यापुढे लोटांगण घालतो. मिशनरींनी हा उतारा दोनशे-तीनशे वर्षे भारतात वापरला. तरंगंबाडीला १७०६ मध्ये आलेल्या बार्थोलोमेउस झिगेनबाल्ग यांनी आपल्या छापखान्यातून काढलेल्या अगदी सुरुवातीच्या तमिळ पुस्तिकेचा (१७१३) विषय 'अक्कियानम्', म्हणजे अज्ञान, हाच होता.

ही थट्टा स्वामीमलैच्या कारागिराला लागू पडते का? माझ्या मते जशीच्या तशी नाही. कारखान्यात पडलेल्या मूर्तीला स्थपती देव मानत नाही. प्राणप्रतिष्ठा झाल्यावर ती देव होते. आपल्याकडे गणपतीच्या मातीबद्दल कोणाचा गैरसमज असतो? दीड दिवसाने, दहा दिवसांनी आपणच तिचे विसर्जन करतो. 'तुम्ही धातूला देव समजता' हा आरोप विद्यार्थ्यांनी उत्तरपत्रिकेत लिहू नये, कारण समोरचा माणूस तसे म्हणतच नाही.

ख्रिस्ती आक्षेपाचे बळकट रूप वेगळे आहे. देवाला माणसाच्या विधीने एखाद्या जागी बोलावता येते का, हा तो प्रश्न. शलमोन मंदिर बांधून झाल्यावरच्या प्रार्थनेत (१ राजे ८) स्वतःच म्हणतो की आकाशातही न मावणारा देव या घरात काय मावणार. म्हणजे आक्षेप धातूवर नाही, प्रतिष्ठेच्या कल्पनेवर आहे. या पातळीवर आले की दोन्ही बाजूंना एकमेकांशी बोलता येते.

झिगेनबाल्ग यांच्या बाबतीत एक गोष्ट सांगायलाच हवी. ज्या वर्षी 'अक्कियानम्' आले त्याच वर्षी त्यांनी दक्षिण भारतातील देवदेवतांच्या वंशावळीवर जर्मनमध्ये मोठा ग्रंथ लिहून पूर्ण केला. त्यासाठी त्यांनी तमिळ लोकांकडून पत्रे आणि माहिती मागवली होती. युरोपातील वरिष्ठांना ते आवडले नाही. मूर्तिपूजा उखडायला पाठवलेल्या माणसाने तिची माहिती का पसरवावी, असे त्यांचे म्हणणे होते. ग्रंथ पडून राहिला आणि मद्रासला १८६७ मध्ये छापला गेला. आज त्या काळच्या तमिळ धर्मजीवनासाठी अभ्यासक तोच उघडतात.

प्रसाद घ्यावा का

सिद्धांतापेक्षा रोजच्या जगण्यात हा प्रश्न जास्त टोचतो. वसतिगृहातली मैत्रीण कुंभकोणमच्या आदिकुंभेश्वराच्या देवळातून प्रसाद घेऊन येते आणि खोलीत सगळ्यांना वाटते. ख्रिस्ती मुलीने काय करावे?

करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळींपुढे हाच प्रश्न होता आणि पौलाने त्यावर पहिल्या करिंथकरांस पत्राचे आठ ते दहा असे तीन अध्याय खर्च केले. त्याचे उत्तर एका वाक्यात बसत नाही. मूर्ती म्हणजे काहीच नाही, म्हणून अन्न हे अन्नच आहे, हे तो आधी मान्य करतो. बाजारात विकायला आलेले मांस कुठून आले याची चौकशी करू नका, कोणी जेवायला बोलावले तर वाढलेले खा, असेही सांगतो. पण देवळातल्या पंक्तीला बसून त्या पूजेत सहभागी होऊ नका, कारण पंक्तीला बसणे म्हणजे नाते जोडणे. आणि यजमानाने किंवा सोबत्याने मुद्दाम सांगितले की हे देवाला वाहिलेले आहे, तर त्याच्यासाठी खाऊ नका. 'त्याच्यासाठी' हा शब्द महत्त्वाचा. ज्याची श्रद्धा अजून कोवळी आहे तो तुमच्याकडे पाहून गोंधळेल, ही पौलाची चिंता आहे. म्हणजे तीच गोष्ट एका ठिकाणी चालते, दुसऱ्या ठिकाणी चालत नाही. पदार्थ बदललेला नसतो, त्या कृतीचा लोकांना लागणारा अर्थ बदललेला असतो.

सगळे ख्रिस्ती याच निष्कर्षाला आले असे नाही. प्रकटीकरणाच्या दुसऱ्या अध्यायात असे अन्न खाणाऱ्यांना कडक शब्दांत फटकारले आहे. भारतातही काही कुटुंबे गोड समजून प्रसाद घेतात, काही घेत नाहीत. दोघांनाही आधाराला वचन सापडते.

याहून अवघड उदाहरण २ राजे ५ मध्ये आहे. अरामी सेनापती नामान कुष्ठरोगातून बरा होतो आणि इस्राएलाच्या देवाला मानू लागतो. पण त्याची एक अडचण आहे. त्याचा राजा रिम्मोनाच्या देवळात जातो तेव्हा नामानाच्या हातावर रेलतो, आणि राजा वाकला की नामानालाही वाकावे लागते. याची क्षमा व्हावी, असे तो अलीशाला विचारतो. अलीशा 'चालेल' म्हणत नाही, 'चालणार नाही' असेही म्हणत नाही. शांतीने जा, एवढेच म्हणतो. सरकारी नोकरीत शस्त्रपूजेच्या दिवशी रांगेत उभ्या राहणाऱ्या ख्रिस्ती कारकुनाला नामान आपला वाटत असणार.

ताली कोणाची

तमिळ विवाहात नवरा नवरीच्या गळ्यात ताली बांधतो, आपल्याकडच्या मंगळसूत्रासारखी. ख्रिस्ती झालेल्या स्त्रीने ती घालावी का, या प्रश्नाने रोमपर्यंतचा प्रवास केला.

मदुरेला १६०६ मध्ये आलेले इटालियन जेझुइट रॉबेर्तो दि नोबिली यांनी धार्मिक आचार आणि सामाजिक रीत असा भेद मांडला. जानवे, शेंडी, चंदनाचा टिळा, स्नान या गोष्टी त्यांच्या मते माणसाची प्रतिष्ठा दाखवतात, त्या देवपूजा नव्हेत. त्यामुळे योग्य त्या बदलांसह ख्रिस्ती माणसाने त्या ठेवाव्यात. पोप ग्रेगरी पंधरावे यांनी १६२३ मध्ये काही अटींवर हे मान्य केले. सुमारे ऐंशी वर्षांनी वारे फिरले. पोपचे दूत कार्डिनल द तूर्नों यांनी १७०४ मध्ये पाँडिचेरीला जो हुकूम काढला त्यात ताली आली. पिल्लैयाराची, म्हणजे गणपतीची, आकृती असलेली ताली ख्रिस्ती स्त्रियांनी घालू नये, क्रूस किंवा ख्रिस्ताची वा मरियेची प्रतिमा असलेली घालावी. विभूती लावू नये. ख्रिस्ती वादकांनी देवळातल्या उत्सवात वाजवू नये.

या हुकुमातला शेवटचा मुद्दा पोटापाण्याचा होता. मंगलवाद्य वाजवणाऱ्याचे मुख्य गिऱ्हाईक देऊळ असते. त्याला एकनिष्ठेची किंमत रोजगाराच्या रूपात मोजावी लागणार होती. मिशनरींनी अपिले केली, वाद चाळीस वर्षे चालला आणि १७४४ मध्ये पोप बेनेडिक्ट चौदावे यांनी तो मुख्यतः हुकुमाच्या बाजूने मिटवला. हे नियम पाळण्याची शपथ मिशनरींना घ्यावी लागे, ती १९४० मध्ये रद्द झाली.

मला यात लक्षणीय वाटते ते असे की सर्वांत कठोर हुकुमानेही ताली काढून टाका असे म्हटले नाही. ताली राहिली, पदक बदलले. शास्त्रींनी कुरवंजीचे जे केले तेच येथे दागिन्याचे झाले.

ख्रिस्ती घरातले भांडण

कुंभकोणम हे १८९९ पासून कॅथलिक धर्मप्रांताचे केंद्र आहे. या धर्मप्रांतातच एलाकुरिच्ची येते, जिथे 'वीरमामुनिवर' म्हणून ओळखले जाणारे इटालियन जेझुइट बेस्की यांनी मरियेचे तीर्थस्थान उभारले. 'तेंबावणी' हे तमिळ महाकाव्य त्यांचेच. तरंगंबाडीच्या लुथरन मिशनशी त्यांचा कडाक्याचा वाद झाला आणि त्यांनी त्यांच्याविरुद्ध 'वेदविळक्कम्' लिहिले. प्रॉटेस्टंटांचा एक मुख्य आरोप असा की पुतळ्यांपुढे मेणबत्त्या लावणारे कॅथलिक हे मूर्तिपूजकच.

कॅथलिक उत्तर जुने आहे. आठव्या शतकात दमास्कसचे योहान यांनी म्हटले की होरेबावर रूप दिसले नव्हते हे खरे, पण ख्रिस्तात देव देहधारी झाला. जे दिसले त्याचे चित्र काढता येते. निकेया येथील दुसऱ्या परिषदेने (७८७) भेद ठरवून दिला : आराधना फक्त देवाची, प्रतिमेला मान, आणि तो मान प्रतिमा ज्याची आहे त्याला पोचतो. प्रॉटेस्टंट म्हणतात की हा भेद पुस्तकात ठीक आहे, गुडघे टेकणाऱ्या माणसाच्या मनात तो राहतो का? यावर हिंदू वाचकाला गालात हसू येणे साहजिक आहे, कारण प्रतिमेला दिलेला मान मूळ रूपाला पोचतो हे तोही सांगतच होता.

तंजावरच्या किल्ल्यातील श्वार्ट्झ यांच्या चर्चमध्ये सरफोजींनी गुरूचे संगमरवरी शिल्प बसवून घेतले. इंग्लिश शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांनी ते घडवले. मरणशय्येवरचे श्वार्ट्झ आणि त्यांचा हात हाती घेतलेले सरफोजी, असा तो देखावा आहे. प्रॉटेस्टंट चर्चच्या भिंतीवर एका हिंदू राजाची मूर्ती आहे आणि तिच्यावर कोणी आक्षेप घेत नाही, कारण तिच्यापुढे कोणी हात जोडत नाही. याच सरफोजींनी १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा मराठी इतिहास कोरून घेतला.

मूर्ती नसलेली मूर्तिपूजा

येशूने देव आणि धन या दोन धन्यांची चाकरी एकाच वेळी होत नाही असे म्हटले (मत्तय ६). कलस्सैकरांस पत्रात लोभालाच मूर्तिपूजा म्हटले आहे. मार्टिन लुथर यांनी मोठ्या प्रश्नोत्तरीत याचा विस्तार केला : तुमचे मन ज्यावर विसंबते तोच तुमचा देव. या व्याख्येने मूर्तिपूजा देवळातून बाहेर येते आणि चर्चमध्येही शिरते.

शास्त्रींच्याच उत्तरायुष्यात हे दिसते. १८२० च्या दशकात आलेल्या नव्या मिशनरींनी तंजावरच्या मंडळीत बदल सुरू केले. बायबलचे नवे भाषांतर आणले, लग्नात आणि अंत्यविधीत फुले वापरायला, उपासनेत तमिळ संगीत वापरायला विरोध केला, आणि जातीजातींनी वेगळे बसणे बंद करायला सांगितले. शास्त्री चारही बाबतींत विरोधात उभे राहिले आणि १८२९ मध्ये त्यांनी जातिआचाराच्या बाजूने लेखन केले. फुले आणि संगीत यांविषयी आज बहुतेक वाचक त्यांच्या बाजूने असतील. दागिना किंवा काव्यप्रकार ही रीत, तशी फुले ही रीत. पण त्याच युक्तिवादात त्यांनी जातही बसवली : तीही सामाजिक रीत, धर्माशी संबंध नाही. दि नोबिलींचा भेद येथे त्यांनी अशा गोष्टीसाठी वापरला जी प्रभुभोजनाच्या एकाच प्याल्यापाशी माणसांना वेगळे करत होती. पौलाची कसोटी लावली, म्हणजे या कृतीने दुबळ्या भावाचे काय होते असे विचारले, तर फुले सुटतात आणि जात अडकते. राजापुढे न वाकलेला कवी येथे वाकला, असे मला वाटते.

बिशप डॅनिएल विल्सन यांनी १८३३ मध्ये पत्रक काढून चर्चमधली जात ताबडतोब आणि कायमची सोडण्याचा आदेश दिला. तंजावरच्या मंडळीतले पुष्कळ लोक त्यावर चर्चपासून दूर झाले. शास्त्री १८६४ पर्यंत जगले. त्यांची भजने आजही तमिळ चर्चमध्ये तमिळ चालींवर गायली जातात. जातीचा प्रश्न तिथेच, त्याच बाकांवर, पुढच्या पिढ्यांकडे गेला.

एकनिष्ठेचा हाच प्रश्न स्वतंत्र भारतात न्यायालयापुढे आला तो केरळमधून. यहोवाचे साक्षीदार या पंथाची तीन भावंडे शाळेत राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण गात नसत, कारण असे गाणे ही फक्त देवाची प्रार्थना असावी अशी त्यांची श्रद्धा. १९८५ मध्ये त्यांना शाळेतून काढले. बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य (१९८६) या खटल्यात न्या. चिन्नप्पा रेड्डी यांच्या खंडपीठाने मुलांच्या बाजूने निकाल दिला. श्रद्धा इतरांना पटते की नाही हा प्रश्न नसून ती प्रामाणिक आहे की नाही हा प्रश्न आहे, आणि गाणे न गाता आदराने उभे राहणे म्हणजे अनादर नव्हे, असे न्यायालयाने धरले. मुले पुन्हा शाळेत गेली तर घ्यावे लागेल, असा आदेश झाला.